कंसाची कंजुषी

८ ÷ २(२ + २) = ?

२०१९ च्या जुलैअखेरीस ही एवढीशी ओळ जगभर फिरली. कुणी १६ म्हणालं, कुणी १, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांची अक्कल काढून झाली. शेवटी कॉर्नेल विद्यापीठातले गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगाट्झ यांना न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहावा लागला. त्याआधी २०११ मध्ये ४८ ÷ २(९ + ३) ने असाच धुमाकूळ घातला होता. आपल्याकडे तर ही ओळ शिळी होतच नाही. 'फक्त बुद्धिमानच सोडवू शकतील' असा मथळा लावून ती घरच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येते. मग इंजिनिअर भाचा, निवृत्त मुख्याध्यापक काका, बँकेतली वहिनी असे सगळे आपापलं कंचेभागुबेव घेऊन मैदानात उतरतात आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी रुसून ग्रुप सोडतं.

माझं म्हणणं असं की ही ओळ लिहिणाऱ्याने वाईट लिहिली आहे आणि तिचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारू नये. डावीकडून जाऊन आधी ८ ÷ २ केलं की १६ येतात, आधी २(२ + २) केलं की १. १६ म्हणणाऱ्याकडे कारण आहे, १ म्हणणाऱ्याकडेही आहे. आपल्या शाळा, क्लास आणि स्पर्धा परीक्षा मात्र अशा ओळींवर पिढ्यानपिढ्या वाचणाऱ्याचेच गुण कापत आल्या आहेत. बदल तिथे हवा.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. या भांडणाला वैतागलेले काही जण म्हणतात की क्रियांचा क्रम ही सगळीच मनमानी, कुणीतरी कधीतरी ठरवली आणि आपल्या डोक्यावर बसवली. तसं नाही. गुणाकार बेरजेच्या आधी करण्यामागे चांगलं कारण आहे. खिशात पाचशेच्या २ नोटा आणि दोनशेच्या ३ नोटा असतील तर आपण २ × ५०० + ३ × २०० लिहितो आणि १६०० म्हणतो. बेरीज आधी केली तर २ × ५०३ × २००, म्हणजे २,०१,२०० रुपये होतील. तेवढे असते तर काय हवं होतं! ३४५ ही संख्यासुद्धा आतून ३ × १०० + ४ × १० + ५ अशीच बांधलेली आहे. बीजगणितात ३क्ष² + ५क्ष + २ असं सुटसुटीत लिहिता येतं ते याच क्रमामुळे. उलटा क्रम असता तर प्रत्येक पदाला कंसाचं कुंपण घालावं लागलं असतं. सतराव्या शतकात आजची चिन्हं युरोपात रुळत गेली तसा हा क्रमही त्यांच्याबरोबर रुळला. त्यासाठी कुठे परिषद भरली नाही, ठराव झाला नाही. आणि १० − ३ + २ चं उत्तर ९ आहे, यावर आज कुठलाही गणितज्ञ वाद घालणार नाही.

म्हणजे बहुतेक रस्ता पक्का आहे. खड्डा आहे तो एका छोट्या टप्प्यात : भागाकाराचं चिन्ह, आणि त्याच्यापुढे चिन्ह गाळून लिहिलेला गुणाकार. तिथे नियम अर्धवट आहे आणि तो अर्धवट असल्याचं जाणकारांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९१७ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त एन. जे. लेनेस यांनी यावर एक टिपण लिहिलं. पाठ्यपुस्तकं सांगतात की गुणाकार-भागाकार डावीकडून उजवीकडे ओळीने करा. मग ९अ² ÷ ३अ चं काय करायचं? नियम अक्षरशः पाळला तर ९अ² ला ३ ने भागायचं आणि आलेल्याला अ ने गुणायचं, म्हणजे उत्तर ३अ³. असं उत्तर कोण लिहितं? सगळे ३अ लिहितात, पुस्तकाच्या मागच्या उत्तरांतही ३अ असतं, आणि नियम सांगणारे गुरुजीही फळ्यावर ३अ लिहून मोकळे होतात. पुढे १९२८ मध्ये गणिती चिन्हांचा इतिहास लिहिताना फ्लोरियन कॅजोरी यांनीही नोंदवलं की एका पदात ÷ आणि × दोन्ही आले तर आधी कोणतं, यावर एकमत नाही.

आपला आठवीतला विद्यार्थी आजही हेच करतो. एकपदीला एकपदीने भागताना तो ÷ च्या पुढचं '३अ' एकसंध धरतो, आणि कुणी त्याला टोकत नाही. बारावीचा विद्यार्थी टिपणं काढताना एका ओळीत १/२π असं लिहितो आणि वाचताना 'एक भागिले दोन पाय' असंच वाचतो. त्याला 'अर्धा गुणिले पाय' म्हणायचं असतं तर त्याने π वर घेतला असता. 'फिजिकल रिव्ह्यू'सारख्या नामांकित नियतकालिकाचा संकेतही तिरप्या रेघेच्या भागाकाराआधी गुणाकार धरण्याचा आहे. म्हणजे ग्रुपवर १ म्हणणारे काका अडाणी नाहीत. आठवीपासून पदवीपर्यंत ज्या सवयीने त्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले, तीच सवय त्यांनी इथे वापरली. आणि १६ म्हणणारा भाचा सहावीचा नियम पाळतोय. दोघंही एकाच शाळेतून शिकून आलेत!

आता यंत्रं काय म्हणतात ते पाहू, कारण भांडण पेटलं की कुणीतरी कॅल्क्युलेटरचा फोटो टाकतंच. गूगलच्या शोधचौकटीत ही ओळ टाका. उत्तर १६ येतं, पण उत्तराच्या वर बारीक अक्षरांत बघा : तुम्ही लिहिलेली ओळ त्याने (८ ÷ २) × (२ + २) अशी करून घेतलेली असते. कॅसिओच्या क्लासविझ मालिकेतल्या कॅल्क्युलेटरवर तीच ओळ टाकून = दाबा. पडद्यावर ८ ÷ (२(२ + २)) असं दिसतं आणि उत्तर येतं १. दोन्ही यंत्रांनी तुमची ओळ जशीच्या तशी सोडवायचं टाळलं, आपापल्या समजुतीचे कंस घातले आणि मग हिशेब केला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ वर १/२क्ष म्हणजे १/(२क्ष) आणि त्याच कंपनीच्या टीआय-८३ वर (१/२)क्ष. ज्युलिया ही प्रोग्रॅमिंगची भाषा आपल्या कोड्याला १ म्हणते. पायथॉन सगळ्यांत शहाणा निघाला : आकड्यापुढे नुसता कंस दिसला की तो चूक दाखवून थांबतो. चिन्ह घाला, मग बघू.

या सगळ्यात गल्लीतल्या वाण्याचा कॅल्क्युलेटर वेगळाच. त्यावर २ + ३ × ४ दाबलं की २० येतं, कारण तो एकेक क्रिया हातासरशी उरकत जातो. मोबाइलवर १४ येतं. वाणी मात्र कधी फसत नाही. तो प्रत्येक वस्तूची रक्कम वेगळी काढून एम-प्लसचं बटण दाबतो किंवा कागदावर मांडतो. आपल्या यंत्राला कंस कळत नाही हे ओळखून त्याने कामाची मांडणीच बदलली आहे.

एक्सेलची गोष्ट जरा गंभीर आहे, कारण तिथे पैसे आणि प्रबंध दोन्ही अडकलेले असतात. चौकटीत =-२^२ लिहिलं (^ म्हणजे घात) तर एक्सेल ४ देतं. =०-२^२ लिहिलं तर −४. बीजगणिताच्या पुस्तकात −२² म्हणजे −४ च. त्याच एक्सेलच्या पोटातली व्हीबीए भाषा −४ म्हणते. २^३^२ ला एक्सेल ६४ म्हणतं, पायथॉनमध्ये तीच गोष्ट त्यांच्या चिन्हाने लिहिली तर ५१२ येतात. एक डावीकडून घात चढवतो, दुसरा उजवीकडून. संख्याशास्त्राचा विद्यार्थी घंटेच्या आकाराचा वक्र काढायला ऋण क्ष-वर्गाचं सूत्र एक्सेलमध्ये टाकतो आणि वक्र खाली येण्याऐवजी आभाळात जातो, तो यामुळे. इथे 'नियम पाठ कर' हा सल्ला कुचकामी ठरतो. कोणाचा नियम? त्याला वाचवतो तो एक जास्तीचा कंस.

शाळेत आपण काय शिकवतो? मराठी माध्यमात कंचेभागुबेव : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी माध्यमात बॉडमास. अमेरिकेत पेम्डास, ज्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. ही सूत्रं जिभेवर बसतात म्हणून टिकली, पण प्रत्येकात एक लबाडी आहे. सहा अक्षरं एकाखाली एक लिहिली की मुलाला वाटतं या सहा पायऱ्या आहेत. मग ते १० − ३ + २ मध्ये 'बे' आधी म्हणून ३ + २ करतं आणि १० मधून ५ वजा करून ५ लिहितं. त्याने सूत्र तंतोतंत पाळलेलं असतं आणि उत्तर चुकलेलं असतं. अमेरिकेतलं पोर १२ ÷ २ × ३ मध्ये आधी गुणाकार करून २ लिहितं. आपलं पोर इथे १८ लिहून सुटतं, ते केवळ आपल्या सूत्रात 'भा' आधी आहे म्हणून. समज दोघांचीही सारखीच कच्ची. खरं तर भागु हा एक मजला आहे आणि बेव हा एक मजला आहे, आणि एका मजल्यावर डावीकडून चालायचं असतं. चांगले शिक्षक हे सांगतात. पण सूत्र ते सांगत नाही, आणि परीक्षेत मुलाला आठवतं ते सूत्र.

शिवाय कंचेभागुबेवमध्ये घाताला जागाच नाही. −३² आणि (−३)² यांतला फरक आठवी-नववीत इतक्या मुलांना नडतो, त्याला हेही एक कारण असणार.

पण कंचेभागुबेवमधलं सगळ्यात मजेशीर अक्षर 'चे' आहे. २४ ÷ १२ चे १/२ हे गणित घ्या. आपल्याकडच्या नियमाने आधी १२ चे १/२ म्हणजे ६, मग २४ ÷ ६ = ४. 'चे' च्या जागी × ठेवलं तर २४ ÷ १२ × १/२ = १. 'चे' म्हणजे गुणाकारच, पण त्याला भागाकाराच्या आधीचं मानाचं पान दिलंय. का? कारण '१२ चे १/२' ही एक गोष्ट आहे, बोलतानाही आपण ती तोडत नाही. आता आठवा, २(२ + २) बद्दल काका दुसरं काय म्हणत होते? ही एक गोष्ट आहे, तिचे तुकडे पाडू नका. म्हणजे एक घट्ट आणि एक सैल असे दोन गुणाकार असतात, हे आपल्या सहावीच्या सूत्राने केव्हाच मान्य केलंय. फक्त चिन्ह गाळलेला गुणाकार यांतला कोणता, हे सांगायचं राहून गेलं. बॉडमासच्या 'ओ'चा अर्थ काही देशांत घात असा लावतात, आपल्याकडे 'ऑफ'. स्पर्धा परीक्षांच्या सरावसंचांत या 'ऑफ'ची गणितं ढिगाने सापडतात, कारण पोरांना पाडायला ती सोयीची आहेत.

याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे जी वर्गात क्वचित बोलली जाते : दोन चिन्हं शेजारी ठेवली की त्याचा अर्थ काय? २ शेजारी ३ ठेवला तर २३. २ शेजारी १/२ ठेवला तर दोन पूर्णांक एक द्वितीयांश, म्हणजे अडीच, म्हणजे बेरीज. २ शेजारी क्ष ठेवला तर गुणाकार. हे तीन अर्थ आपण मुलासमोर दोन-तीन वर्षांत मांडतो आणि ते गोंधळलं की त्यालाच 'मठ्ठ' म्हणतो. क्ष = ३ असेल तर २क्ष किती, या प्रश्नाला २३ असं उत्तर देणारं मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं असतं. शाळेत येऊन पहिली गोष्ट ते जी शिकलं, ती त्याने वापरली.

शेजाराचा अर्थ गुणाकारच असायला हवा असं काही नाही, हे भास्कराचार्यांकडे पाहिलं की कळतं. त्यांच्या ११५० च्या सुमाराच्या बीजगणितात अज्ञात राशीला यावत्-तावत् वरून 'या', नुसत्या संख्येला रूप वरून 'रू', आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. त्यांचं एक उदाहरण असं : एकाकडे ६ घोडे आणि रोख ३००, दुसऱ्याकडे १० घोडे आणि १०० चं कर्ज, दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत किती? मांडणी अशी :

या ६ रू ३००
या १० रू १०० (१०० वर टिंब)

मध्ये अधिकचं चिन्ह नाही, समानतेचं चिन्ह नाही. शेजारी ठेवलं म्हणजे मिळवलं, खाली ठेवलं म्हणजे सारखं. घोडा १०० चा. आजच्या बीजगणितात शेजार गुणाकाराचा आहे, तिथे तो बेरजेचा होता, आणि गोंधळ होत नव्हता, कारण पद्धत आतून एकसंध होती. त्याहून जुन्या बख्शाली हस्तलिखितात तर ऋण संख्येच्या पुढे चक्क + सारखं चिन्ह असतं! यावरून 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' असा निष्कर्ष काढायला मी निघालेलो नाही. दोन अज्ञात राशींचे लांबलचक गुणाकार 'या' आणि 'का' च्या लिपीत करून बघा, मग देकार्तने १६३७ मध्ये रूढ केलेल्या लिपीचे उपकार कळतील. मुद्दा एवढाच की चिन्हांचे अर्थ माणसांनी ठरवलेले असतात आणि ते एका लिखाणात सारखे राहिले पाहिजेत.

युरोपातली चिन्हंही एका हातची नाहीत. + आणि − ही चिन्हं विडमानच्या १४८९ च्या जर्मन पुस्तकात छापली गेली, × हे ऑट्रेडच्या १६३१ च्या पुस्तकातून आलं, आणि ÷ हे भागाकारासाठी झुरिकमध्ये १६५९ साली छापलेल्या योहान रान यांच्या बीजगणितात. गंमत म्हणजे उत्तर युरोपात तेच ÷ कित्येक वर्षं वजाबाकीसाठी चालायचं. लाइबनिट्सला × नको होतं, ते क्ष साठी वापरतात त्या रोमन अक्षरासारखं दिसतं म्हणून. १६९८ मध्ये योहान बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याऐवजी टिंब सुचवलं. भागाकाराला तो विसर्गासारखी दोन टिंबं वापरायचा आणि जर्मन शाळांत ती आजही चालतात. आणि ÷ ? आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या गणिती चिन्हांच्या मानकात, आयएसओ ८०००० च्या दुसऱ्या भागात, भागाकारासाठी हे चिन्ह वापरू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. ज्या चिन्हावरून आपण नातेवाइकांशी अबोला धरतो ते चिन्ह जाणकारांनी केव्हाच वाळीत टाकलंय.

एककांच्या बाबतीत तर नियम आणखी कडक आहे. एसआय एककांच्या अधिकृत पुस्तिकेनुसार एका पदात कंस न घालता तिरपी रेघ एकापेक्षा जास्त वेळा ओढायची नाही. विशिष्ट उष्मा लिहायचा तर जूल/(किलोग्रॅम केल्विन), कंसासकट. कारण उघड आहे : प्रयोगशाळेत कुणी 'बघा, कसं फसवलं' असं म्हणत बसत नाही. तरीही लहान मुलांच्या औषधाचा डोस जगभर मिग्रॅ/किग्रॅ/दिवस असाच लिहिला जातो. डॉक्टरांना सवयीने कळतं. पण तो आकडा दिवसभराचा आहे की एका वेळचा, यावर गल्लत होऊ नये म्हणून वैद्यकीय शिक्षणात पुन्हा पुन्हा बजावावं लागतं. तिथे कुणी रुग्णाच्या आईला म्हणत नाही की तुम्हाला बॉडमास येत नाही. लिहिणाऱ्याने स्पष्ट लिहावं, हीच अपेक्षा असते.

शाळेत नेमकी हीच अपेक्षा उलटी होते. मुलगा ३ × ४ = १२ + ५ = १७ असं लिहितो तेव्हा शिक्षक लाल शाईने = खाली रेघ मारतात, आणि बरोबर करतात; रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये दोन समांतर रेषांचं ते चिन्ह काढलं ते दोन्ही बाजू सारख्या आहेत हे सांगायला, 'मग पुढे' असं म्हणायला नव्हे. लिहिण्याबाबत विद्यार्थ्याकडून एवढा काटेकोरपणा मागायचा, आणि प्रश्नपत्रिकेत मात्र दोन अर्थांची ओळ छापून चार पर्याय द्यायचे, त्यांत दोन्ही उत्तरं ठेवायची आणि एकावर शिक्का मारायचा. हा न्याय कुठला?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. नियम म्हणजे नियम. डावीकडून उजवीकडे ठरलंय ना, मग तेच लावा, उत्तर १६, विषय संपला. असं एका परीने व्हायला हरकत नाही. उद्या सगळ्या जगाने ठरवलं की चिन्ह असो वा नसो, गुणाकार-भागाकार एका पंक्तीत, तर ते चालेल. पण मग ९अ² ÷ ३अ = ३अ³ हेही मान्य करावं लागेल, भौतिकशास्त्राच्या अर्ध्या टिपणवह्या पुन्हा लिहाव्या लागतील आणि 'चे' ला सूत्रातून निवृत्त करावं लागेल. ते करायला कुणी तयार नाही. नियम हवा पण फक्त कोडं सोडवण्यापुरता, ही भूमिका मला पटत नाही. दुसरा आक्षेप : सगळीकडे कंस घातले तर ओळी वाचवत नाहीत. खरं आहे, पण त्यासाठी आडवी रेघ आहे. वर ८, मध्ये रेघ, खाली २(२ + २) असं लिहा, कंसही वाढत नाही आणि वादही उरत नाही. सातवीपासून पुढे अपूर्णांकाची आडवी रेघच भागाकाराचं चिन्ह मानावी आणि ÷ प्राथमिक शाळेतल्या पाढ्यांच्या सोबत मागे ठेवावं. बीजगणिताची पुस्तकं बऱ्याच अंशी हे करतातही. करत नाहीत ते सरावसंच आणि प्रश्नपत्रिका.

तिसरा आक्षेप क्लासवाल्यांचा : ही गणितं एकाग्रता तपासतात. एकाग्रता तपासायला दुहेरी अर्थाची ओळ लागत नाही, लांबलचक पण स्पष्ट ओळ पुरते. दुहेरी ओळ फक्त एवढंच तपासते की उमेदवाराने कोणत्या क्लासचं पुस्तक वापरलं. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनंतर उत्तरतालिकेवर हरकती मागवतात, काही प्रश्न रद्दही होतात. म्हणजे प्रश्न चुकीचा असू शकतो हे तत्त्व तिथे तरी मान्य आहे. मग भाषेतला संदिग्ध प्रश्न जसा रद्द होतो तसा चिन्हांतला संदिग्ध प्रश्नही व्हायला हवा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना द्यायची सूचना एका वाक्यात बसते : ÷ किंवा तिरप्या रेघेच्या उजवीकडे चिन्ह गाळलेला गुणाकार ठेवू नका.

महाराष्ट्राला गणिताच्या लेखन-वाचनावर वाद घालणं नवं नाही. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' आलं तेव्हा किती रान उठलं होतं. विधानसभेतही विषय निघाला, विनोद झाले, भाषा बुडाली म्हणून गळे काढले गेले. माझं मत त्या वेळीही बदलाच्या बाजूने होतं, पण ते सोडा. त्या वादात निदान प्रश्न तरी योग्य विचारला गेला : आपण जे लिहितो-बोलतो ते सात वर्षांच्या मुलाला कळावं म्हणून मोठ्यांनी काय बदलायचं? क्रियांच्या क्रमाबाबत हा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नाही. इथे अजून सगळा भार मुलावर.

बदलासाठी नवीन पुस्तक छापून येण्याची वाट बघायची गरज नाही. सहावी-सातवीच्या कुठल्याही शिक्षकाने पुढच्या घटक चाचणीत एक प्रश्न असा घालून बघावा. 'खालील ओळ दोन प्रकारे वाचता येते. दोन्ही अर्थ कंस घालून वेगवेगळे लिहा आणि प्रत्येकाचं उत्तर काढा : २४ ÷ ४(१ + २).' उत्तरं १८ आणि २. दोन्ही लिहिणाऱ्याला चार गुण, एकच लिहिणाऱ्याला दोन.